पुन्हा नमुना कशाला, असं विचारलंस म्हणून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. ताईच्या फुफ्फुसात डाग दिसला, बुरशीवरचं औषध सुरू झालं आणि तरी डॉक्टर नळी घालून नमुना घ्यायचा म्हणतात. ‘औषध चालू आहे ना, मग तिला आणखी का छळता?’ असं चिडून लिहिलंयस. तुझ्या जागी मीही चिडलो असतो. पण असे नमुने ज्या टेबलावर येतात तिथे मी रोज बसतो, तेव्हा माझंही थोडं ऐक.

आधी काकूंना सांग, घर झाडण्यात काही कसूर झाली म्हणून हे झालेलं नाही. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. जेमतेम २-३ मायक्रॉनचे, थेट वायुकोशांपर्यंत जाणारे. तू-मी ते रोज ओढतो आणि पांढऱ्या पेशी त्यांचा फडशा पाडतात. केमोनंतर ताईचे न्यूट्रोफिल, म्हणजे त्या पांढऱ्या पेशींतलेच पहारेकरी, ५०० च्या खाली गेले आणि दोन आठवडे तिथेच राहिले. पहाराच उठला, एवढंच.

आता मुद्द्याचं. अशा रुग्णात बहुतेकदा अ‍ॅस्परजिलसच निघते, म्हणून डॉक्टरांनी व्होरिकोनॅझोल सुरू केलं. अंदाज बरोबरच आहे, पण तो अंदाज आहे. म्युकर नावाची दुसरी बुरशी असेल तर हे औषध तिला लागूच पडत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. मग अ‍ॅम्फोटेरिसिनच का देत नाहीत, म्हणशील. ते मूत्रपिंडाला जड जातं, शिवाय सेडोस्पोरियम नावाची बुरशी त्याला सहसा दाद देत नाही. अ‍ॅस्परजिलसच्याच घरातली टेरियस जातही देत नाही. लोमेंटोस्पोरा ही बुरशी तर जवळजवळ कशालाच भीक घालत नाही. ती निघू नये एवढीच आमची इच्छा असते. बुरशी शोधायची रक्ताची गॅलॅक्टोमॅनन चाचणीही म्युकर पकडत नाही.

मायक्रोस्कोपखाली म्युकर बऱ्याचदा ओळखू येते: रुंद, चुरगळलेल्या फितीसारखे तंतू, मध्ये पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या काटकोनात. अ‍ॅस्परजिलसचे तंतू बारीक, पडदे असलेले, फांद्या तिरक्या. गंमत अशी की फ्युजेरियम ही आणखी एक बुरशी आणि सेडोस्पोरियमही उतीत हुबेहूब तसेच दिसतात! भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. बुरशी प्लेटवर वाढवली की मगच फ्युजेरियमचे चंद्रकोरीसारखे बीजाणू दिसतात आणि नाव कळतं. (तिच्या पायाची नखं पाहून ठेव. फ्युजेरियम कधी कधी सुजलेल्या नखाच्या कडेने आत शिरते. अंगावर दुखऱ्या, मध्ये काळ्या पडलेल्या गाठी दिसल्या तर त्याच दिवशी सांग.)

वाढवायची तर ती जिवंत यायला हवी ना. एकदा आमच्याकडे मोठ्या कष्टाने काढलेला तुकडा आला, अख्खा फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. कल्चरच्या, म्हणजे बुरशी वाढवून बघण्याच्या दृष्टीने मातीमोल. त्या दिवशी मी जेवलो नाही. तेव्हा तुकडा काढलाच तर थोडा भाग सलाइनमध्ये पाठवणार ना, हे बिनदिक्कत विचार. आणि चिठ्ठीवर ‘म्युकरची शंका’ लिहायला सांग. मग आम्ही तो तुकडा वाटत नाही, नुसता बारीक चिरतो; वाटला तर तिचे पोकळ तंतू फुटून मरतात. प्लेटलेट कमी असतील तर ते तुकडा घेणार नाहीत, फुफ्फुसाचा तो भाग सलाइनने धुऊन तेवढंच पाणी पाठवतील. तेही चालतं.

शेवटी तू ओझरतं लिहिलंयस की गोळी घेतल्यावर ताईला उजेड भगभगीत वाटतो, रंग वेगळेच दिसतात. ते बहुधा व्होरिकोनॅझोलमुळे. थोड्या वेळाने ओसरतं. पण ती स्वतःहून डॉक्टरांना सांगायची नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तू सांग, रक्तातली औषधाची पातळी बघतील.

नमुना कधी घेणार ते कळव.

तुझा,
श्रीरंग