काकूंसाठी ‘श्यामची आई’

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. काकूंच्या वर्षश्राद्धाला ‘श्यामची आई’ स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. त्यांनी तुम्हा भावंडांना वाचून दाखवलेलं पुस्तक नातवंडांच्या कानावर तुझ्याच आवाजात पडावं, यासारखं दुसरं काही नाही. माहीत आहे ते सगळं सविस्तर लिहितो.

हक्काचं, म्हणजे कॉपीराइटचं, आधी सांगतो. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यावर पुढे 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे मूळ मजकूर 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुला आहे. मात्र नव्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि चित्रं वेगळ्यांची असतात. त्यांना हात लावू नकोस. अमेरिकेत हिशेब वेगळा आहे. तिथे 1935 सालच्या प्रकाशनापासून 95 वर्षं धरतात, त्यामुळे हक्क संपलेल्या पुस्तकांची वाचनं ठेवणारी लिब्रिव्हॉक्ससारखी तिथली साइट 2031 उजाडेपर्यंत हे वाचन घेणार नाही.

आता खोली. महागडा माईक घेण्याआधी खोलीकडे बघ. रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुतेक वेळा खोलीमुळे. रिकाम्या भिंती आणि फरशी असली की आवाज आपटून परत येतो आणि विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतं. हा घुमारा नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने धड निघत नाही. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बस, पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टाक, पायाखाली सतरंजी घाल. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. फ्रिजही बंद कर आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे तो परत चालू करायचं विसरणार नाही. रात्री साडेदहानंतर किंवा पहाटे पाचच्या आधी बस. एकदा साडेपाच वाजले की पक्षी आणि दूधवाले ऐकत नाहीत.

माईक तोंडापासून एक वीतभर लांब आणि किंचित बाजूला हवा. अगदी समोर धरलास तर प, फ, भ म्हणताना हवेचा फटका बसून ‘भप्प’ असा आवाज येतो. सेटिंग मोनो (एकच वाहिनी), 44.1 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी). आवाजाचं सगळ्यात उंच टोक उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस, कारण एकदा फाटलेला आवाज शिवता येत नाही. सुरुवातीला अर्धा मिनिट काही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड कर. ती पुढे कामाला येते.

वाचनाची प्रत जुनी असेल तर 1962 च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे अनुस्वार असतील: घरांत, मीं, तें. ते उच्चारायचे नसतात, पण डोळा तिथे अडखळतो आणि जीभही. नव्या छपाईची प्रत घे, किंवा मजकूर मोठ्या अक्षरात टॅबलेटवर ठेव. त्याने पानं उलटण्याची खसखसही टळते. चुकलास की थांबून टिचकी वाजव आणि वाक्य पहिल्यापासून परत वाच. टिचकीची उभी रेघ कॉम्प्युटरवर आवाजाच्या आलेखात लगेच दिसते, मग कापणं सोपं. दुसऱ्या दिवशी बसण्याआधी आदल्या दिवशीचं शेवटचं मिनिट ऐक, नाहीतर आवाजाची पट्टी बदलते. पहिली रात्र, म्हणजे पहिलं प्रकरण ‘सावित्री-व्रत’, सगळ्यात शेवटी पुन्हा रेकॉर्ड कर. तोवर आवाज बसलेला असतो, आणि ऐकणारा पुढे ऐकायचं की नाही हे त्याच प्रकरणावर ठरवतो. उपाशी बसू नकोस, पोटातली गुरगुर माईक अचूक पकडतो. कोमट पाण्याचा घोट घेत राहा, तोंड कोरडं पडलं की जिभेचे चटचट आवाज येतात.

आईचे संवाद बारीक बायकी आवाजात म्हणू नकोस. वेग थोडा कमी कर, स्वर थोडा खाली घे, एवढ्याने ती वेगळी उभी राहते. श्लोक आणि ओव्या काकूंच्या चालीत म्हण. ती चाल फक्त तुम्हा भावंडांना ठाऊक आहे, म्हणूनच ती यात हवी. अमेरिकेतल्या भाचीला एखादं प्रकरण देणार असशील तर आधी तिच्याकडून ‘माझी’ आणि ‘माझा’, ‘श्यामची’ आणि ‘श्यामचा’ मोठ्याने म्हणवून घे. ‘झा’ आणि ‘चा’ दातांशी लागले पाहिजेत.

‘आईचा शेवटचा आजार’पासून पुढची प्रकरणं अवघड जातील. रडू आलं तर येऊ दे, पण रेकॉर्डिंग बंद कर. नाक चोंदलं की म आणि न बोथट होतात आणि ते फिल्टरने सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी परत बस आणि साधं, सरळ वाच. मजकुरात सगळं आहे, आपण त्यात भर घालायची गरज नाही. पार्श्वसंगीतही नको.

ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 80 हर्ट्झचा हाय पास (त्याखालची घरघर कापणारा फिल्टर) लाव, त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेवरून नॉइज रिडक्शन (मागचा आवाज कमी करणं) दे, पण 6 ते 9 डेसिबलच्या पुढे जाऊ नकोस, आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. श्वास सगळे कापू नकोस, माणूस वाचतोय हे कळू दे. वीस मिनिटांच्या वाचनामागे साधारण तीन तास जातील असं धर.

मूळ वेव्ह मिनिटाला 5 एमबी घेते, 128 केबीपीएस एमपी3 जेमतेम 1. दोन्ही ठेव, वेव्ह दोन वेगळ्या ठिकाणी. फाइलचं नाव आकड्याने सुरू कर, 1 नव्हे 01, नाहीतर गाडीच्या प्लेअरवर पहिलीनंतर थेट दहावी रात्र लागते. ‘प्रारंभ’ला 00 दे आणि काकूंचं नाव त्याच फाइलमध्ये एकदा घे. दर प्रकरणाला नको.

काकूंच्या व्हॉइस नोट असतील तर त्या आजच मूळ फाइलसकट बाहेर काढून ठेव. फोन बदलताना त्या जातात. साफसफाई करू नकोस, मागची कुकरची शिट्टीसुद्धा राहू दे.

पुस्तकात 42 रात्री आहेत. श्राद्धाच्या तिथीआधी 41 दिवस सुरुवात करून रोज रात्री एक प्रकरण घरच्यांना पाठवलंस, तर बेचाळिसावं, ‘आईचे स्मृतिश्राद्ध’, बरोबर त्या दिवशी पोचेल. तारीख कळव, म्हणजे मागे मोजून रेकॉर्डिंग कधी संपवायचं ते ठरवू. पहिलं प्रकरण झालं की कच्चंच पाठव, ऐकून सांगतो.

तुझाच