मानसोपचाराच्या केसपेपरवर वजन आणि साखरही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्किझोफ्रेनियाबद्दल वर्तमानपत्रांत हल्ली बरंच छापून येतं, पण ते भास, संशय आणि औषधं सोडण्यापाशी थांबतं. या माणसांना ऐन तारुण्यात मधुमेह का जडतो, ती लवकर का जातात, हे क्वचितच वाचायला मिळतं. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी मरण पावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आत्महत्या हे त्याचं एक कारण आहे, पण बहुतेकांचा जीव हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी जातो.

मी माझ्या धाकट्या भावाची शुभंकर, म्हणजे आजारात त्याची काळजी घेणारी, आहे. ओलान्झापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध सुरू झालं आणि त्याचे भास थांबले, रात्रीची झोप लागू लागली. मग भूक सुरू झाली. रात्री उठून तो पोळ्यांचा अख्खा डबा संपवायचा, वर साखर घातलेलं दूध प्यायचा. पोट सुटलं तसे नातेवाईक 'आयतं बसून खातोय' म्हणू लागले. ओपीडीत दर वेळी तेच दोन प्रश्न: आवाज येतात का, झोप लागते का? आणि केसपेपरवर 'तीच औषधं चालू'. वजनकाटा दाराशीच होता, पण त्यावर त्याला कोणी उभं केलं नाही. पायाची जखम भरेना म्हणून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तेव्हा साखर कळली.

सगळा दोष गोळ्यांचा नाही, हेही संशोधन सांगतं. वेड आणि मधुमेह एकाच घराण्यात आढळतात, असं इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ हेन्री मॉडस्ली यांनी १८७९ सालीच नोंदवलं होतं, तेव्हा ही औषधं नव्हतीच. एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांतही साखरेचं गणित बिघडलेलं दिसतं, हे अलीकडच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. त्यात ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या औषधांची भर पडते. अमेरिकेतल्या 'कॅटी' या सुमारे दीड हजार रुग्णांच्या अभ्यासात जवळजवळ ४० टक्के जणांना मेटाबॉलिक सिंड्रोम (सुटलेलं पोट, वाढलेली साखर, रक्तदाब आणि बिघडलेली रक्तातली चरबी यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र) होता. त्याहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की त्यात मधुमेह असलेल्या ३० टक्के, रक्तदाब असलेल्या ६२ टक्के आणि कोलेस्टेरॉल बिघडलेल्या ८८ टक्के लोकांना त्यावर कसलाही उपचार मिळत नव्हता.

आता संशोधनाचा रोख वजन वाढू न देण्याकडे वळला आहे. कोणतं औषध शरीराला किती जड जातं याची १८ औषधांची तुलना २०२० साली प्रसिद्ध झाली. त्यात ॲरिपिप्रॅझोल, लुरासिडोन बरीच सौम्य ठरली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरुवातीलाच जोडावी का, लिराग्लुटाइडसारखी मधुमेहाची, वजन उतरवणारी इंजेक्शनं चालतील का, यावर काम चालू आहे. मात्र हे वाचून कुणी गोळी परस्पर बंद करू नये. माझ्या भावाला ओलान्झापिननेच माणसात आणलं, ते मी विसरणार नाही.

पण यातलं बरंचसं करायला नवं औषध लागत नाही. औषध सुरू करताना वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असं अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ संघटनांनी २००४ मध्येच एकत्र बसून सांगितलं. भारतीय पुरुषाचा घेर ९० आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं. हे मोजायला शिंप्याची टेपही पुरते.

ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या ओपीडीत आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या प्रत्येक ठिकाणी हे सक्तीचं व्हावं. 'मधुमेहासाठी दुसऱ्या खिडकीवर जा' असं सांगून भागणार नाही. एका रांगेत मुश्किलीने उभा राहिलेला शुभार्थी, म्हणजे आजारी माणूस, दुसऱ्या रांगेत जात नाही, तो घरी जातो. क्लोझापिन घेणाऱ्यांचं रक्त, पांढऱ्या पेशी कमी होत नाहीत ना हे पाहायला, ठरावीक दिवसांनी काढावंच लागतं. त्याच सुईने साखर आणि लिपिडसाठीही नमुना घ्यावा, आणि आकडे मानसोपचाराच्या केसपेपरवरच लिहावेत.

आपली,
एक शुभंकर बहीण, सातारा