माहितीपट आधी त्यांना दाखवा

महोदय,

दुभंगलेल्या समाजावरचे माहितीपट महोत्सवांत गाजतात. ज्यांच्यावर ते बेतलेले असतात त्यांच्यापर्यंत मात्र क्वचितच पोचतात. म्हणून १९६७ सालचा एक प्रयोग आठवावासा वाटतो.

कॅनडातील फोगो बेटावरची मासेमारी डबघाईला आली होती आणि लोकांना तिथून हलवण्याचा सरकारचा विचार होता. बेटावरच्या वस्त्या पंथापंथांत विभागलेल्या, एकमेकींशी संबंध बेताचेच. राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी एक भलामोठा चित्रपट न काढता २७ लघुपट केले आणि ते वस्तीवस्तीत दाखवले. नको तो भाग काढायला सांगण्याची मुभा चित्रित झालेल्यांना होती. (आजचा किती दिग्दर्शक हे मान्य करील?) समोरासमोर ज्यांचे ऐकून घेतले नसते, त्यांचे लोकांनी पडद्यावर ऐकले. आपलीच गाऱ्हाणी पलीकडच्या वस्तीचीही आहेत, हे उमगले. पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली, बेटही रिकामे झाले नाही. श्रेय एकट्या कॅमेऱ्याचे नव्हे. बेटवासीयांची सुधारणा समिती आधीपासून धडपडत होतीच.

दोन गटांना समोरासमोर बसवून भांडण रंगवणे वाहिन्यांना रोज जमते. माहितीपटकाराकडे त्यांच्याकडे नसलेली गोष्ट असते, ती म्हणजे सवड. तेव्हा अनुदान देणाऱ्या संस्थांनी एवढी अट जरूर घालावी, की पहिला खेळ चित्रण झालेल्या वस्तीत, दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी व्हावा, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरावा.

– एक वाचक