तडजोडीआधी हे वाच: ट्रक अपघातातल्या जखमी मित्रास पत्र

प्रिय विन्या,

वहिनींशी बोलणं झालं. मांडीच्या हाडात रॉड, नडगीला प्लेट आणि अजून सहा आठवडे पाय टेकायचा नाही, हे कळलं. त्याहून जास्त अस्वस्थ केलं ते ट्रकमालकाच्या माणसाने. ‘ड्रायव्हर पोरगं गरीब आहे, केस करू नका, पन्नास हजार घ्या आणि स्टॅम्पपेपरवर सही द्या’ असं तो म्हणतोय. ती सही करू नकोस. वहिनींनाही सांग, आणि दवाखान्यात बसणाऱ्या प्रत्येकाला सांग.

त्या ड्रायव्हरच्या खिशातून तुझी भरपाई यायचीच नाहीये. नोकरीवर असताना ड्रायव्हरने केलेल्या निष्काळजीपणाला मालक जबाबदार असतो आणि मालकाची जबाबदारी थर्ड पार्टी विम्याने, म्हणजे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीसाठीच्या विम्याने, उचललेली असते. माणसाला झालेल्या इजेसाठी या विम्यात ठरावीक कमाल रकमेची मर्यादा नसते. त्यामुळे दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघेही लागतात. ट्रकचा नंबर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर टाकलास की विमा, फिटनेस आणि परमिट कधीपर्यंत होतं ते दिसतं. आजच त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव. ड्रायव्हरचं लायसन्स किंवा ट्रकचं परमिट चालू नसलं तरी घाबरू नकोस. अशा वेळी अपघात भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण बहुतेकदा विमा कंपनीला आधी रक्कम भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. विमाच नसेल तर मात्र काम कठीण. तेव्हा मालकाने पुरेशी हमी दिल्याशिवाय ट्रक सोडू नये, असा नियम आहे. पोलिसांना आणि कोर्टाला त्याची लेखी आठवण करून द्यावी लागते.

दोन वेगवेगळ्या केसेस चालतात, त्यांची गल्लत करू नकोस. एक फौजदारी, भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली. ती सरकार चालवतं. दुसरी तुझी, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. पहिल्या केसमध्ये गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. दुसऱ्यात कुणाचं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढंच तोललं जातं. म्हणून ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी तुझा दावा आपोआप बुडत नाही.

आता केसपेपर. अपघात विभागात आणल्याबरोबर डॉक्टर ‘हिस्टरी’ म्हणून एक ओळ लिहितात आणि तीच ओळ पोलिसांकडच्या एमएलसीत, म्हणजे पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीत, जाते. ‘ट्रकने धडक दिली, नंबर अमुक’ असं तिथे असेल तर उत्तम. पण तू शुद्धीवर नव्हतास. तुला उचलून आणणाऱ्याने ‘गाडीवरून पडला’ असं सांगितलं असेल आणि तेच लिहिलं गेलं असेल, तर विमा कंपनीचा वकील साक्षीत हाच कागद तुझ्यासमोर धरेल. ट्रक नंतर घुसडला, असं त्याचं म्हणणं असेल. तशी ओळ असली तर हॉस्पिटलला लेखी अर्ज कर, सोबत पोलिसांना दिलेल्या जबाबाची प्रत लाव आणि तारखेसह नवी नोंद करून घे. जुन्या ओळीवर खाडाखोड अजिबात नको, त्याने संशय वाढतो.

फिर्यादीत ट्रकचा नंबर, दिशा आणि लेन बदलल्याचा उल्लेख आहे ना, ते बघ. नसेल तर पुरवणी जबाब दे. घटनास्थळाच्या पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा, काचा कुठे पडल्या, तुझी गाडी रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर होती, हे सगळं यायला हवं. ट्रकने डावीकडे येताना तुला घासत नेलं, हे तुझं म्हणणं खरं ठरतं ते याच मापांवरून. मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणी अहवालाची प्रतही माग. ब्रेक, इंडिकेटर, डाव्या बाजूचा आरसा, बाजूची संरक्षक पट्टी यांची अवस्था त्यात असते. ट्रक एकदा सुटून गॅरेजला गेला की हे सगळं पुसलं जातं.

त्याहून लवकर पुसलं जातं ते कॅमेऱ्याचं चित्रण. टोलनाक्यावरची आणि पेट्रोलपंपावरची चित्रणं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप पुसली जातात. वकिलामार्फत ‘हे जपून ठेवा’ अशी नोटीस टोल कंपनीला, पंपाला आणि मालकाला आताच जाऊ दे. फास्टॅगच्या नोंदी, ट्रकला जीपीएस असेल तर त्याचा डेटा, बिल्टी (मालवाहतुकीची पावती), ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावतीही मागायची. ट्रक कुठून किती वाजता निघाला आणि ड्रायव्हर सलग किती तास चालवत होता, हे टोलच्या वेळा जोडल्या की उघड होतं. वजनकाट्याची पावती ओव्हरलोड दाखवते. जास्त भरलेला ट्रक थांबायला जास्त अंतर घेतो, आणि त्याचा दोष एकट्या ड्रायव्हरच्या माथी मारून मालकाला सुटता येत नाही.

तुझीही चूक होती, असं ते म्हणणारच. हेल्मेट नव्हतं, असाही मुद्दा काढतील. पण इजा पायाला आहे, हेल्मेटचा तिच्याशी संबंध नाही. तुझ्या लायसन्सची मुदत संपली होती म्हणून धास्तावू नकोस. लायसन्स नसणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. दंड वेगळा, दोष वेगळा.

मुदतीचं नीट लक्षात घे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार दावा अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नकोस. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. तरीही तुझा स्वतंत्र अर्ज हवाच, कारण तुझी कमाई, पुढची ऑपरेशनं, घरात लागणारा माणूस हे पोलिसांच्या अहवालात पूर्ण येत नाही. दावा अपघात झाला तिथे किंवा तू राहतोस त्या भागातल्या न्यायाधिकरणात करता येतो. कुबड्या घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात तारखांना फिरायची गरज नाही.

कुणीतरी तुला त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ सुचवेल. गंभीर इजेला अडीच लाख, चूक सिद्ध करायला नको, पटकन मिळतात. पण ती रक्कम स्वीकारलीस की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. तुझ्यासारख्या दुखापतीत हा तोट्याचा सौदा आहे. ट्रक सापडलाच नसता तर गोष्ट वेगळी. तेव्हा कलम १६१ खालचे ५०,००० एवढाच सरकारी आधार उरला असता.

रक्कम कशी निघते ते एकदा स्वतः मांडून बघ, म्हणजे ‘पन्नास हजार’ काय चीज आहे ते कळेल. तू ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा, महिना ३०,००० कमाई सिद्ध झाली असं धर. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे: ४२,०००. वर्षाचे ५,०४,०००. कमावण्याची ताकद २५ टक्के घटली असं ठरलं, तर १,२६,०००. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; ३१ ते ३५ वयाचा गुणक १६, म्हणजे २०,१६,०००. हे फक्त कमाईच्या नुकसानीचे. उपचार, औषधं, प्रवास, पौष्टिक आहार, बुडालेले महिने, रॉड काढायचं पुढचं ऑपरेशन, वेदना आणि हिरावलेलं रोजचं जगणं हे सगळं वेगळं. वहिनी तुझी सेवा करतायत म्हणून मदतनिसाचा खर्च शून्य होत नाही, तोही मागायचा.

या सगळ्या हिशेबाचा कणा म्हणजे ते २५ टक्के, आणि दावे सर्वात जास्त इथेच फसतात. अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘४० टक्के, उजवा पाय’ असं असेल तर ते पायाचं झालं, संपूर्ण शरीराचं नाही. कमावण्याच्या ताकदीचं तर त्याहून वेगळं. नीट न वाकणारा तोच गुडघा टेबलावर बसून हिशेब लिहिणाऱ्याचं फार कमी बिघडवतो. तू दिवसभर शिडीवर चढून वायरिंग करतोस, तुझं निम्मं काम बंद पडू शकतं. हे न्यायाधिकरणापुढे सांगायला डॉक्टर साक्षीला यावे लागतात. नुसता दाखला दाखल करून वकील मोकळा झाला तर आकडा खाली येतो. आणि दाखला घाईने काढू नकोस. हाड जुळून, फिजिओथेरपी होऊन गुडघा किती वाकतो ते स्थिर झाल्यावरच काढ.

लोक अदालतीत तडजोड करून दावा मिटवायचीही घाई नको, ती याचसाठी. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. हाड जुळलं नाही आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तरी जास्तीचं मागता येत नाही. सगळं स्थिर झाल्यावर, स्वतः मांडलेल्या हिशेबाच्या जवळ रक्कम येत असेल, तर मात्र जरूर जा. वर्षं वाचतात.

कमाईचा पुरावा म्हणून अपघाताच्या आधीची आयकर विवरणपत्रं, बँकेचं पासबुक आणि ग्राहकांची बिलं काढ. अपघातानंतर फुगवून भरलेलं विवरणपत्र उलटतं. औषधाच्या प्रत्येक बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी टाचून ठेव. थर्मल पावत्यांची शाई उडते, त्यांच्या झेरॉक्स लगेच काढ.

वकिलाबद्दल एकच. ‘मिळेल त्यातले ३० टक्के द्या’ म्हणणारा नको. भरपाईत वाटा ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. फी ठरव, पावती घे, कोऱ्या वकालतनाम्यावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नकोस, आणि भरपाई थेट तुझ्याच खात्यात येऊ दे. निकालाची रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

वहिनींना सांग, डिस्चार्ज कार्ड, फिर्याद, पंचनामा आणि केसपेपरच्या पहिल्या पानाचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवा. पहिलं पान आज रात्रीच. त्यात दुरुस्ती लागणार असेल तर अर्जाचा मसुदा मी उद्या सकाळी पाठवतो.

तुझाच,
सुध्या