अण्णा आणि श्रीखंडाचं पातेलं

दांडिया बाजार, बडोदे
१७ जानेवारी

प्रिय कुंदा,

साडेतीन वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट तसंच कपाटावर ठेवू नकोस. फोनच करणार होते. दोनदा नंबर काढला, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटणार आणि सांगायचं ते राहून जाणार, म्हणून लिहिते आहे. माझी तब्येत ठीक. बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, संधिवाताची रविवारची मेथोट्रेक्सेट चालू आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

दादाला डिमेन्शिया झालाय.

तू म्हणशील, विसरायला लागला का? नाही गं, त्याला सगळं आठवतं. खालच्या खोल्यांचं १९७८ सालचं भाडंसुद्धा आठवतं. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा मेंदू आक्रसत जातो आणि आधी माणसाचा स्वभाव जातो. लाज जाते, दुसऱ्याला लागलेलं कळेनासं होतं, कुठे थांबायचं याचं भान जातं. बहुतेकांना पंचेचाळीस ते पासष्ट या वयात सुरू होतो, म्हणून कुणाच्या डोक्यात डिमेन्शिया येतच नाही. आमच्याही आला नाही. दोन वर्षं नैराश्य समजून गोळ्या चालल्या. ऑक्टोबरमध्ये एका शहाण्या डॉक्टरांनी बी-१२, थायरॉइड सगळं तपासून एमआरआय करायला लावला आणि पडद्यावर बोट ठेवून मला दाखवलं. पुढचा भाग अक्रोडासारखा सुरकुतलाय.

आता दादाच्या सानिकाचा साखरपुडा आठव. तुझं ताट वाढलेलं होतं आणि सगळ्यांसमोर दादा तुला म्हणाला, "प्रभाकर गेला ते बरंच झालं, तुझं एक डोकेदुखीचं काम कमी." आणि हसला. तू न जेवता उठलीस. मी तुझ्या मागे जिन्यापर्यंत आले ती समजूत घालायला नाही, भांडायला. "त्याच्या मनात काही नसतं, तुलाच सगळं लागतं," असं म्हणाले. कुंदे, हे वाक्य मला परत घेता आलं असतं तर! तुझ्या बाबांसाठी सयाजी हॉस्पिटलात अकरा रात्री बाकावर बसून काढलेला दादा असं बोलला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा आपला दादा नाही. तू दुखावलीस ते बरोबर होतं. मी चुकले.

परवा उत्तरायण होती. अगाशीवर सगळे होतो, सानिका आणि जावईही पुण्याहून आले होते. दादाचे हात अजून तसेच आहेत. ढील देणं, खेच घेणं, पेच लागला की मान किंचित तिरकी. चार पतंग कापले त्याने, शेजारची पोरं "काप्यो छे" म्हणून ओरडत होती. वहिनी फिरकी धरून होती. मांजा सरकला आणि तिचं बोट चांगलं खोल चिरलं, पांढऱ्या दोऱ्यावर लाल थेंब चढत गेले. दादाने वळून पाहिलं. थेंबांकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. म्हणाला, "दोरा खराब केलास." आणि दोरा तोडून नवीन पतंग बांधायला घेतला. वहिनी पदराने बोट दाबून माझ्याकडे बघत राहिली. मग खाली जाऊन त्याने किलोभर जलेबी एकट्याने संपवली. गोडाची ही हाव त्या आजारातलीच आहे. वहिनी आता साखरेचा डबा कुलपात ठेवते.

त्या रात्री सानिकाने मला गच्चीच्या जिन्यात गाठलं. तिला चोविसाव्या वर्षापासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे हे तुला ठाऊकच आहे. आता त्यांना मूल हवंय. मोबाइल पुढे करून म्हणाली, "आत्या, हे वाच." कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मंडळींचा २०१८ चा अभ्यास. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या अंगावर उठते ते आजार, म्हणजे माझा संधिवात, तिचं आतडं, लहान वयातला मधुमेह, गहू न सोसणारा सीलिअ‍ॅक, यांच्या आणि दादाच्या डिमेन्शियाच्या जनुकांमध्ये काही खुणा सामायिक सापडतात. त्यात आकडे होते. संधिवाताशी २७० पट, कोलायटिसशी १६० पट. "म्हणजे मला बाबांसारखं व्हायची शक्यता १६० पट?" पोरीचे ओठ थरथरत होते.

मला तेव्हा काही सांगता आलं नाही. दोन रात्री चष्मा लावून बसले तेव्हा उलगडलं, आणि तू जवळ असतीस तर दोन मिनिटांत सांगितलं असतंस. ते आकडे माणसाच्या धोक्याचे नाहीतच. संधिवाताशी पक्कं नातं असलेल्या खुणा वेगळ्या काढल्या, तर त्या ढिगात डिमेन्शियाशी नातं असलेल्या खुणा अपेक्षेपेक्षा २७० पटीपर्यंत जास्त दाटीने मिळतात, एवढाच त्याचा अर्थ. एकेका खुणेचं वजन चिमूटभर. त्यातल्या काही सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए भागात आहेत. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराला ओळखायला शिकवणारा तोच भाग. मेंदूतही पहारेकरी पेशी असतात, मायक्रोग्लिया. केर उचलणं, जंतूंना खाणं हे त्यांचं काम. त्या बिथरल्या की घरच्याच माणसांना मारत सुटतात, तसं काहीतरी असावं असा अंदाज आहे. अल्झायमरमध्येही २०१३ साली टीआरईएम-२ नावाचं जनुक सापडलं, तेही याच पेशींचं.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आनुवंशिकतेच्या तक्त्यासाठी तू वाडाभर वही घेऊन फिरली होतीस ते आठवून मध्येच हसू आलं. "आजी, जीभ गुंडाळून दाखवा." आजीने चिडून आख्खी जीभ बाहेर काढून दाखवली होती आणि तू वहीत "नकार" म्हणून लिहिलंस! तो तक्ता माझ्याकडे राहिला म्हणून तू महिनाभर बोलली नव्हतीस. घे, आता कबूल करते, तो मीच हरवला. पण जीभ गुंडाळणं एकाच जनुकावर ठरतं, इतकं ते सोपं नाही हे नंतर कळलंच की आपल्याला, आणि हे तर त्याहून किती गुंत्याचं. हे सगळं सानिकाला समजावलं तेव्हा तिने पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

मी मात्र नाही घेतला. कारण याच आजाराचा एक दुसरा प्रकार आहे, तिथे चिमूटभर काही नसतं. एकच जनुक बिघडलेलं असतं. एमएपीटी नावाच्या जनुकातला असा बिघाड १९९८ मध्ये सापडला, जीआरएनमधला २००६ मध्ये, सी-नाइन-ओआरएफ-७२ मधला २०११ मध्ये. आई किंवा बापाकडे ते असलं तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टर पहिला प्रश्न घराण्याचा विचारतात. ऑक्टोबरमध्ये मला विचारलं, "तुमच्या वडिलांना असं काही?" वहिनी शेजारी होती, सानिका फोनवर ऐकत होती. मी म्हणाले, "नाही. अण्णा हार्टने गेले."

कुंदा, मी खोटं बोलले का? खरंच मला कळत नाही. अण्णांच्या कोपरांवरचे खवले तुला आठवतात, ते सोरायसिस होतं. त्यामुळे मी आमच्या घराण्याची प्रतिकारशक्तीच चिडकी आहे असं धरून चालले होते, अण्णांची कातडी, माझी बोटं, सानिकाचं आतडं. दादाचा मेंदू त्याच माळेतला, असं मनाला पटवलं. पण अण्णांचं ते शेवटचं वर्ष? पै-पैचा हिशेब ठेवणारा माणूस रस्त्यावरच्या कुणालाही शंभराच्या नोटा देत सुटला. विठ्ठलनाथजींच्या वरघोड्यात, भर मिरवणुकीत, मध्येच उभा राहून गाऊ लागला. लोक म्हणाले, साठी बुद्धी नाठी, आणि आम्हीही तेच म्हणालो. आणि तुमच्या स्वयंपाकघरातलं ते श्रीखंड. दसऱ्याचं होतं की पाडव्याचं, मला आठवत नाही. पातेल्यात हात घालून ते उभ्या-उभ्या खात होते, तुझी आई बाजूला उभी होती आणि तू मला बोलवायला आलीस. तुझ्या आईने हे कधी कुणाला सांगितलं नाही. आई गेली, तुझी आईही गेली. दादाला विचारलं तर म्हणतो, "चांगलं होतं श्रीखंड." पाहिलेली अशी आता तूच उरलीस.

मला तुझ्याकडून एवढंच हवंय. आठव आणि लिही. साल कुठलं, १९८९ की ९०? त्यांना तुम्ही थांबवलंत तेव्हा ओशाळले का, की काहीच वाटलं नाही? त्याआधी तुला काही वेगळं दिसलं होतं का, जे मला वाईट वाटेल म्हणून तू बोलली नाहीस? मला वाईट वाटू दे. ११ फेब्रुवारीला पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आहे आणि मी तिथे खरं सांगायचं ठरवलंय. मग दादाची तपासणी करायची की नाही ते वहिनी ठरवेल, आणि स्वतःची करायची की नाही ते सानिका. तिच्या वतीने मी लपवून ठेवायचं, हा हक्क मला कुणी दिला? पण सांगितल्यावर तिच्या चेहऱ्याकडे कशी बघू, ते मात्र समजत नाही. औषध नाही गं यावर. अल्झायमरची गोळीही यात चालत नाही, उलट कधी कधी त्रास वाढवते.

रोहितचं कॅनडात कसं चाललंय? नातीचा फोटो मीनाकडे पाहिला, नाक थेट तुझं आहे, बिचारी. नाशिकचं घर विकायचं म्हणत होतीस, त्याचं काय झालं? सगळं सविस्तर लिही.

दादाला आज सांगितलं, कुंदाला पत्र लिहितेय. म्हणाला, "तिची हिरवी फिरकी माळ्यावर आहे, घेऊन जा म्हणावं." चढून बघितलं, आहे. दोरा कुजलाय, लाकूड चांगलं आहे.

पत्र लिहायला वेळ लागणार असेल तर फोनच कर. रात्री नवानंतर, तेव्हा तो झोपलेला असतो.

तुझी,
शैला