सोसायटीच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा आमच्या विकास सोसायटीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेच्या, ऑफिसला रंग द्यायचं काम चाललं होतं आणि ओट्यावर चार पोती भरून जुनं दप्तर बाहेर काढून ठेवलेलं, रद्दीवाला काटा घेऊन आलेलाच. माझे वडील गटसचिव होते, म्हणजे सोसायटीचं दप्तर लिहिणारे सचिव, त्यांचं अक्षर मी लांबूनही ओळखते, म्हणून एक प्रोसिडिंग बुक (सभेचे ठराव लिहायची वही) उचललं तर ते नेमकं 1972-73 चं, दुष्काळातलं. पहिल्याच ठरावात पाऊस नसल्याने पीक बुडाले, सबब वसुलीस मुदत मिळावी अशी जिल्हा बँकेस विनंती करणे. पुढच्या पानावर मयत सभासदाचा भाग (शेअर) त्याच्या विधवा पत्नीच्या नावे वर्ग करणे. आणि त्याच्या खाली थकबाकीदारांवर जप्तीचा ठराव, त्यात ‘सर्वानुमते’ हा शब्द खोडून वर ‘बहुमताने’ लिहिलंय, आणि ‘विरोध’ म्हणून जांभळ्या शाईचा एकच अंगठा. मी कितीतरी वेळ ते पान बघत उभी होते. सगळं गाव एका बाजूला असताना तो माणूस एकटा नाही म्हणाला, आणि हे या एका वहीशिवाय कुठेच लिहिलेलं नाही.

आपल्याकडे सहकाराचा इतिहास म्हणलं की विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, वैकुंठभाई मेहता, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा 1950 चा पहिला गाळप हंगाम, आणि ते योग्यच आहे, ती माणसं होतीच तेवढी मोठी. पण कर्ज कुणाला मिळालं, कुणाला नाही, कुठल्या वस्तीतले लोक सभासदच नव्हते, बाईच्या नावावर भाग कधी आला, बैलजोडीला किती कर्ज आणि विहिरीला किती, हे गौरवग्रंथात सापडत नाही, ते सभासद रजिस्टर, क. म. पत्रक (कुणाला किती कर्ज द्यायचं त्याची सभासदवार यादी) आणि ऑडिट मेमोतच सापडतं. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, पोरं प्रोजेक्टसाठी हेच विचारायला येतात आणि मला त्यांना छापील अहवालाकडेच पाठवावं लागतं.

1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्याची बारीकसारीक माहिती आज आपल्याला आहे कारण सरकारने कमिशन नेमलं आणि त्याचा रिपोर्ट जपला गेला. त्याच सावकारीवर उपाय म्हणून पुढे 1904 चा पतसंस्थांचा कायदा आला, सोसायट्या निघाल्या. म्हणजे सावकाराचे कागद जळाले तरी त्याची नोंद राहिली आणि शेतकऱ्याने स्वतःच्या संस्थेत लिहिलेले कागद मात्र आपण किलोवर विकतोय, हे मला खरंच सहन होत नाही.

इंग्लंडात रॉचडेलच्या लोकांनी 1844 साली काढलेल्या त्या छोट्या दुकानाचं, जिथून आजच्या सहकारी चळवळीची सुरुवात मानतात, म्युझियम केलंय आणि मँचेस्टरला सहकारी चळवळीचं वेगळं अर्काइव्ह आहे, सहकाराचा विचार आधी मांडणाऱ्या रॉबर्ट ओवेनचा पत्रव्यवहारसुद्धा तिथे बघायला मिळतो. आपल्याकडे बडोद्याला विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने 1889 मध्ये, म्हणजे कायदा व्हायच्या आधीच, अन्योन्य सहकारी मंडळी निघाली होती, एवढी जुनी परंपरा आहे आपली, मग तिचे कागद आपण का जपू नयेत?

केंद्राने 2022 मध्ये 63,000 सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली, चांगलीच आहे, पण चालू हिशेब कॉम्प्युटरवर चढला की जुनी कपाटं रिकामी करायची घाई होते आणि ऑडिटच्या दृष्टीने त्या वह्यांचं काम संपलेलंच असतं. सहकार खात्याने एक साधं परिपत्रक काढावं, की 50 वर्षांपूर्वीचं दप्तर विकण्याआधी जवळच्या कॉलेजला किंवा विद्यापीठाला कळवायचं, निदान पानांचे फोटो तरी काढू द्यायचे. कर्जदारांची नावं उघडी पडतील ही भीती बरोबर आहे, कारण नातवंडं त्याच गावात राहतात, तर नावं झाकून अभ्यासाला द्या, पण वही राहू द्या.

त्या दिवशी मी एका पोत्यातल्या वह्या रद्दीच्या भावाने पैसे देऊन घरी आणल्या, बाकीची तीन पोती टेम्पोत गेली. त्या अंगठ्याची वही माझ्याकडे आहे, जी संस्था नीट सांभाळेल आणि अभ्यासाला खुली ठेवेल तिला मी सगळ्या वह्या द्यायला तयार आहे.

आपली,
एका गटसचिवाची मुलगी