मावशी, त्या नेलकटरबद्दल

प्रिय मावशी,

सलाम.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

आधी जरा राग काढून घेते, मग आभार. ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि हॉस्पिटलातून घरी आणलं, तेव्हा आमच्या भायखळ्याच्या खोलीत माणसांची रीघ लागली होती. गॅलरीत चपला ठेवायला जागा नव्हती. आणि आलेला प्रत्येकजण काही ना काही सांगायलाच आलेला. कुणी देवाची इच्छा समजावून सांगितली. एक बाई म्हणाल्या, देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. (जरा कमी लाड केले असते तरी आमचं चाललं असतं, हे अगदी ओठावर आलं होतं.) एका प्रार्थना सभेतले बंधू आले. त्यांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून, चाळ दणाणेल अशा आवाजात प्रार्थना केली आणि "ऊठ, चालू लाग" असा हुकूम सोडला. हे उठले नाहीत. मग दारात चपला घालता घालता त्यांनी मला हळूच विचारलं, "घरात काही झाकलेलं पाप आहे का, ताई? विश्वास कुठंतरी कमी पडतोय." त्यांचं हळू म्हणजे आपलं नेहमीचं बोलणं. ह्यांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. त्या रात्री हे जेवले नाहीत.

बायबलातल्या, दुःखात होरपळलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. त्याची दशा पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, कुणी चकार शब्द काढला नाही. तिथवर ते खरे मित्र होते. पुढं तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आमच्याकडे आलेल्यांनी ते सात दिवस गाळून एकदम भाषणांनाच सुरुवात केली.

यथावकाश चपला कमी झाल्या. आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडलेले हात येत राहिले, पण दोन मजले चढून खरे हात काही येईनात. अशात एका दुपारी तुम्ही आलात. गुडघे धरत, मधल्या वळणावर दम खात.

तुम्ही माझ्याशी फार बोलला नाहीत. खुर्ची ओढून ह्यांच्या उजव्या बाजूला बसलात. तोवर आलेले सगळे चांगल्या बाजूला बसायचे, दुखऱ्या बाजूकडे कुणी पाहायचंही नाही. उजव्या हाताची मूठ अशी आवळून गेली होती की नखं तळव्यात रुतत होती, आत घाम साचून वास यायला लागला होता, आणि उघडायला गेलं की हे कळवळायचे. तुम्ही ती मूठ पाहिलीत आणि ह्यांना विचारलंत, "हात देता का जरा?"

विचारलंत, मावशी! डोक्यावर हात ठेवणाऱ्या एकानेही विचारलं नव्हतं. ह्यांनी मान हलवली.

मग माझ्याकडून टबात कोमट पाणी मागितलंत, हात त्यात ठेवलात आणि ह्यांच्याशी भायखळा मार्केटातल्या बोंबलांच्या भावावर बोलत बसलात. उत्तर येत नव्हतं, तरी मध्ये उत्तराएवढी जागा सोडत होतात. मी आपली पदर दातात धरून बघतेय, की आता हे ओरडणार. तुम्ही बोटांना हात घातलाच नाहीत. आधी मनगट हळूच खाली वाकवलंत. बोटं आपोआप सैल झाली. मग अंगठा मोकळा केलात, मग एकेक बोट. आयुष्यभर वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेली बाई, तुमच्या हातालाच ते माहीत असणार. तळवा धुतलात, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्यात, मांडीवर वर्तमानपत्र पसरलंत आणि पर्समधून नेलकटर काढून नखं कापायला लागलात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एक पद गुणगुणत. पलीकडच्या काकू दारात येऊन विचारायला लागल्या, कुठला अभंग आहे हो? ना. वा. टिळकांनी 1895 साली ह्याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आपल्या मंडळीला मराठी चालीत गायला लावलं, म्हणून तर काकूंना ते तुकोबांचं वाटलं. तुम्ही म्हणालात, "आमचा आहे, पण तुम्ही घ्या की."

शेवटी जुन्या पंचाचा तुकडा मागून त्याची वळकटी केलीत आणि ती त्या मुठीत ठेवलीत, नखं पुन्हा रुतू नयेत म्हणून. ती वळकटी मी अजून रोज बदलते.

निघताना म्हणालात, "प्रार्थना करू का, की आज नको?" मी म्हटलं, आज नको. "बरं," म्हणालात, नखांच्या कागदाची पुडी केलीत आणि खाली जाता जाता कचऱ्याच्या डब्यात टाकलीत. तेवढंच. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. ह्यांनीही दोन घास जास्त खाल्ले.

नंतर तुम्ही दर मंगळवारी येऊ लागलात. वाचायला सांगितलं की लोक बायबलातलं धीर देणारं तेविसावं स्तोत्र काढतात. तुम्ही अठ्ठ्याऐंशीवं काढलंत. त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत हाक आहे, गाऱ्हाणं आहे, आणि संपतं तेही अंधारातच. ऐकून मी चमकले. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "हेही पवित्र शास्त्रातच आहे, बाई. कुणी काढून टाकलेलं नाही." देवावर चिडलेलं माणूस देवाच्या पुस्तकात बसू शकतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी लहानपणापासून संडे स्कूलला जाणारी!

तपासणीला न्यायचं म्हणजे लाकडी अरुंद जिना, लिफ्ट नाही. आमच्या गोविंदा पथकातली चार पोरं ह्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेत. त्यातल्या एकाचे तर रोजे चालू होते, तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी तो पुढच्या बाजूला. तुम्ही खालून ओरडलात, "सांभाळून रे, मार्क दोनवाल्यांनो!" पोरांना काही कळेना, मग तुम्ही पायरीवर बसून मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाची गोष्ट सांगितलीत. कफर्णहूम गाव, घराच्या दारापर्यंत गर्दी, पक्षाघाती माणसाला उचलून आणणारे चौघं, आत जायला वाट नाही म्हणून त्यांनी छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. रोजेवाल्याने विचारलं, "मग छप्पर नीट कोणी केलं?" तुम्ही म्हणालात, "ते लिहिलेलं नाही. ह्या चौघांनीच केलं असणार." पोरं हसून बेजार.

टॅक्सीत बसल्यावर मला म्हणालात, "त्या सगळ्या गोष्टीत तो आजारी माणूस एक शब्द बोलत नाही, बघितलंस? आणि येशूने बघितला तो 'त्यांचा' विश्वास. चौघांचा. तुझा सध्या संपला असेल तर राहू दे. आमचा आहे ना."

मावशी, वर्षानुवर्षांच्या उपदेशांतून जे मिळालं नाही ते त्या टॅक्सीत मिळालं. आशा म्हणजे मीच दात आवळून धरून ठेवायची वस्तू, असं मला शिकवलं गेलं होतं. सुटली तर दोष माझा. तुम्ही ती स्वतःकडे ठेवून घेतलीत, मला पेलेल तोवर. बाजारातून येताना जड पिशवीचा दुसरा बंद धरावा तशी.

तुमच्यात हे कुठून आलं ते नंतर कळलं. 1897च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुलींना पुण्याकडच्या केडगावला, आपल्या आश्रमात आणलं, त्यात तुमची आजी होती. रमाबाईंनी विधवांसाठी शारदा सदन काढलं ते 1889 साली, इथंच चौपाटीजवळ, केडगाव पुढचं. आजीला पोहोचल्याच्या दिवशीची प्रार्थना आठवत नव्हती, म्हणालात तुम्ही. कुणीतरी मांडीवर डोकं घेऊन उवा काढल्या, ते मात्र ती म्हातारपणीही सांगायची. चार पिढ्यांचं हे काम चालत आलंय आणि त्याचा अहवाल कुठल्याही सभेत वाचला जात नाही. शहर ह्या असल्याच माणसांवर चाललंय, त्या पोरांवर, काकूंवर, तुमच्यावर. माईकवाल्यांवर नाही.

आता ह्यांचं सांगते. मूठ उघडते, थोडी. काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. बोलणं चार-सहा शब्दांचं, त्यातला एक "बोंबील" आहे, त्याचं श्रेय तुमचं. आता मंडळीतून निरोप येतात की चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्या, चमत्कार सांगा. मी कळवलंय, देईन, पण नेलकटरची देईन. अजून पुढचा निरोप आलेला नाही.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला यायचं. बोंबील आणलेत. गुडघ्यांचं कारण चालणार नाही. पोरांना सांगून ठेवलंय, खुर्ची तयार आहे.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची